राखेचा कायदा

विठ्ठल भर दुपारी माझ्या टपरीवर आला, बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "कोंड्या, जर्मनीत राखेचा कायदा काय हाय?"

मी कांदा चिरत होतो. चिरतच राहिलो.

माझी टपरी तिकोण्याच्या पायथ्याला. गडावर चढणाऱ्या पोरांना मी भजी विकतो आणि भज्यांबरोबर थापा फुकट देतो. गडाच्या टाक्यात आंघोळ करणारा बिबट्या माझ्याकडून साबण मागून नेतो आणि वडी झिजवून परत आणतो, हे पुण्यामुंबईच्या कितीतरी पोरांनी माझ्यावर विश्वास ठेवून ऐकलंय. जर्मनीचीही माझी एक कथा आहे. तुंगार्लीच्या तळ्याकाठी बंगला असलेल्या एका शेठच्या कुत्र्याला माझ्या मांडीशिवाय झोप यायची नाही. शेठ जर्मनीला निघाला तेव्हा कुत्र्याबरोबर मलाही नेलं. विमानात कुत्र्याला खिडकीची जागा, मला मधली. तिथं कुत्रा पाळला तर सरकार त्याच्यावर कर बसवतं. पण आमचा कुत्रा पडला मावळातला, त्यानं आधी ग्रामसभेचा ठराव दाखवा म्हणून हट्ट धरला. असं बरंच काही.

ही कथा विठ्ठलनं इतक्यांदा ऐकली होती, की मी चुकलो तर तो दुरुस्त करायचा. मी पुण्याच्या पलीकडं गेलेलो नाही हे त्याला माझ्या बायकोपेक्षा चांगलं ठाऊक. तरी त्यानं मलाच विचारलं. आमच्या गावाची रीतच तशी आहे. सातबाऱ्यावरची नोंद असो की मेलेल्या म्हशीचा विमा, कायदा कुणी वाचत नाही. ज्याच्यावर तसा प्रसंग आधी येऊन गेला, त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं. जर्मनीचा प्रसंग आमच्या गावात कुणावरच आला नव्हता. माझ्यावर, खोटा का होईना, आला होता.

विठ्ठलचा मुलगा गौरव तिथं मशीनचं काम शिकायला गेला होता. आधी तळेगावच्या एका कारखान्यात होता, रात्रपाळी करून दिवसा भाषा शिकला आणि गेला. तिथं एका सकाळी तो उठलाच नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्याच्या खोलीत राहणाऱ्या जुन्नरकडच्या अमृतनं फोन केला आणि देह आणायचा की इथंच दहन करायचं, असं विचारलं. विठ्ठलनं फोन कानाला धरून "व्हय" म्हटलं. आपण कशाला व्हय म्हटलं, ते त्याला नंतर यशोधरानं, त्याच्या मुलीनं सांगितलं.

आता दहन झालं होतं आणि राख तिथं अडकली होती. अमृत आणायला गेला तर दाहिनीवाले म्हणाले, अशी हातात देता येत नाही, कायदा आहे.

"राखेचा कायदा म्हंजी काय?" मी विचारलं.

"आपल्याला द्यायची का न्हाई, त्यो."

"मला कुत्र्याचा ठावं हाय, इठ्ठल. राखेचा तवा इचारला न्हाई."

"मग आता इचार," तो म्हणाला.

तो टोमणा मारत नव्हता. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता. रेल्वेत असताना घाटात धुकं पडलं की हा माणूस रूळ बघत चालायचा, तेव्हा त्याचा चेहरा असाच असायचा म्हणे. मी त्याच्यापुढं भजी ठेवली. त्यानं एक उचललं, हातात धरलं आणि तसंच धरून बसला.

संध्याकाळी यशोधरा आली. त्यांच्या घरात फोनला रेंज मिळत नाही. गावात रेंज मिळते ती माझ्या टपरीच्या मागच्या दगडावर. त्यामुळं पुढचे कितीतरी दिवस जर्मनीच्या कायद्याचं कचेरी-काम माझ्या दगडावर चाललं. मुलगी तळेगावला एका कंपनीच्या ऑफिसात होती, तिनं रजा टाकली होती.

तिनं पहिल्यांदा जे केलं ते गावच्या रीतीप्रमाणंच केलं. लोणावळ्याचा समर्थ तिच्या कॉलेजातला, तुंगार्लीत पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतो. त्याची मावशी जर्मनीत वारली होती. तिनं त्याला फोन लावला.

"काही नाही गं," समर्थ म्हणाला, "आमच्या मावसभावानं राख सरळ घरी नेली. अजून त्याच्या कपाटात आहे. तिथं चालतं."

झालं. विठ्ठल घरी गेला. घरात बुद्धमूर्तीच्या शेजारी भिंतीत एक फळी आहे, तिच्यावर टीव्हीचा डबा होता. डबा खाली काढला. फळी पुसली. वर पांढरं कापड घातलं. शकुवहिनी, त्याची बायको, चुलीपासून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "डबा कुटं ठेवला? बातम्या लागत्याल का?" कुणी बातम्या बघत नव्हतं.

फळी तशीच राहिली. अमृतनं समर्थचं म्हणणं दाहिनीत सांगितलं, तर तिथल्या बाईनं मान हलवली. मग यशोधरानं समर्थचा नाद सोडला आणि दगडावर बसून स्वतः वाचायला लागली.

"आबा," ती मला म्हणाली, "आपण आधी हेच विचारलं नाही की कायदा कुणाचा. जर्मनीत सोळा राज्यं आहेत. अंत्यविधीचा कायदा देशाचा नाहीच, राज्याराज्याचा आहे. समर्थची मावशी दुसऱ्या राज्यात वारली."

विठ्ठल बाकड्यावरून म्हणाला, "म्हंजे त्या राज्यात मेला आसता तर फळीवर आला आसता."

मी कढईखालची आच कमी केली.

मला वाटायचं परदेशचा कायदा म्हणजे एक जाड पुस्तक, साखळीनं टेबलाला बांधलेलं. तसं नव्हतं. फोनवर एक पान म्हणायचं राख देतात, दुसरं म्हणायचं देत नाहीत, तिसरं पान शवपेट्या विकणाऱ्याचं निघायचं. यशोधरा ती सगळी बंद करायची. त्या राज्याच्या सरकारनं स्वतः छापलेला कायदा तिनं शोधून काढला. मग तो आजचा आहे की मधे बदललाय, ते तपासलं. फोनकडून त्याचं मराठी करून घेतलं. फोनचं मराठी म्हणालं, "राखेने स्मशानात विश्रांती घेण्यास बांधील असावे." मी हसलो. ती हसली नाही. मूळ कलम तिनं अमृतला पाठवलं, अमृतनं त्याच्या भाषेच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतलं. आणि शेवटी दाहिनीच्याच कचेरीला पत्र टाकलं, की हे कलम तुम्ही कसं लावता ते तुम्हीच सांगा.

"येवढ्या ठिकाणी कशाला इचारायचं?" मी म्हणालो. "कायदा एकच हाय ना?"

"लिहिलेला एकच असतो, आबा. चालवणारी माणसं वेगळी असतात."

मधेच एकदा तिनं मान वर केली. "आबा, तिथं कुत्र्यावर खरंच कर आहे."

मी हातातला झारा खाली ठेवला. ती थाप मी माझ्या डोक्यातून काढली होती. माझी थाप माझ्या पाठीमागं जाऊन खरी होऊन बसली, हे मला बिलकूल आवडलं नाही. दिवसभर भजी जरा करपलीच.

दाहिनीचं उत्तर आलं ते असं. राख स्मशानभूमीतच ठेवली पाहिजे, घरात नाही. देशाबाहेर पाठवता येईल, पण तिथल्या स्मशानभूमीनं लिहून दिलं पाहिजे की या माणसासाठी आमच्याकडं जागा आहे आणि राख तिथंच ठेवली जाईल. मुदतीत कागद आला नाही तर ते लोक तिथंच, नाव न घातलेल्या सामाईक जागेत, ती पुरून टाकतील.

यशोधरानं दोनदा वाचून दाखवलं.

"स्मशानभूमी कवापास्नं लिवायला लागली?" विठ्ठलनं विचारलं.

"ग्रामपंचायत लिहील, बाबा."

"कंची जागा लिवील?"

आता हे सांगायला हवं. आमच्या गावाचं नाव मी घेत नाही, घेतलं तर सरपंच माझ्याकडचा चहा बंद करील. गावाला जळायच्या जागा दोन. एक धरणाच्या पाण्याकडची. तिला पत्र्याची शेड, बसायला ओटा, पंचायतीची पाटी. तिथं आमची, म्हणजे मराठ्यांची आणि बाकीच्यांची मयतं जातात. दुसरी ओढ्याकाठची. तिथं विठ्ठलच्या वस्तीतली, बौद्धांची माणसं जातात. तिला ना शेड ना पाटी. त्याचा बाप तिथं गेला, आजा तिथं गेला. असं कुणी ठरवलं, ते कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. कागदावर ती जागा भलत्याच्याच नावाची आहे. मागल्या साली प्लॉटिंगवाल्यानं तिला तार मारली आणि मयत नेण्यापुरतं एक फाटक ठेवलं.

पंचायतीत आम्ही तिघं गेलो. मी कशाला गेलो, विचारू नका, जर्मनीचा जाणकार म्हणून. ग्रामसेविका अनिता मॅडम टेबलाशी होत्या, सरपंच कैलास शेजारच्या खुर्चीत. कैलास वाईट पोरगा नाही. सगळ्यांच्या मयताला पहिला येतो, लाकडं सांगतो, गाडी देतो. गौरवची बातमी आली तेव्हा विठ्ठलच्या दारात तो दिवसभर उभा होता.

"ओढ्याची जागा लिवा," विठ्ठल म्हणाला.

मॅडमनी कैलासकडं बघितलं. "ती पंचायतीच्या दप्तरी नाही, भाऊ. मी नसलेल्या जागेचा दाखला कसा देऊ?"

"नसलेली कशी? माझा बाप तितं हाय."

"आहे हो. पण नोंद नाही."

कैलासनं खुर्ची पुढं ओढली. "भाऊ, हितं घोळ घालू नका. वड्याची जागा लिवली तर त्यो प्लॉटवाला उद्या कोर्टात जाईल, आन तुमचा कागद तितंच आडकंल. मॅडम, सरळ पाण्याकडची लिवा. शेड हाय, पाटी हाय, सगळं दप्तरात हाय. फोटो पन लावा. जर्मनवाले खूश."

"पाण्याकडची," विठ्ठल म्हणाला.

"व्हय. लिवायला काय जातंय?"

मॅडमनी टाईप केलं. यशोधरानं इंग्रजी बघून दिलं. प्रिंट निघाली, कैलासची सही झाली, शिक्का बसला. विठ्ठल म्हणाला, "वाचा." मॅडमनी मराठीत सांगितलं, की गावाच्या धरणाकाठच्या स्मशानभूमीत कैलासवासी...

"कैलासवासी नको," यशोधरा म्हणाली.

"सॉरी. दिवंगत गौरव विठ्ठल यांच्या अस्थींसाठी जागा उपलब्ध आहे आणि त्या तिथेच ठेवण्यात येतील."

विठ्ठलनं कागद हातात घेतला. मग म्हणाला, "म्हंजे गौरव तितं."

कैलास हसला. "कागदावर, भाऊ. कागदावर तितं. मग तुमी तुमच्या रीतीनं वड्याला न्या, न्हाईतर घरी ठेवा, कोन इचारतंय?"

"त्यांच्या कायद्यात कागदावर आन जमिनीवर आसं दोन न्हाई," विठ्ठल म्हणाला. आवाज चढवून नाही. गाडीची वेळ सांगावी तसा. मग त्यानं अर्जदाराच्या जागी सही केली, कागदाची घडी केली आणि बाहेर पडला.

कैलासनं माझ्याकडं बघितलं. "आबा, काय म्हनले भाऊ?"

मला वाटलं, इथं आपलं काम आहे. मी म्हणालो, "जर्मनीचं सरकार लय कडक. वरून घारीयेवढं विमान पाठवून राखेचा फोटो काढतंय. जागा चुकली तर सरपंचाला उचलतंय आन तिकडं नेऊन कुत्र्यांची वसुली करायला लावतंय."

कैलास हसला नाही. मॅडम हसल्या नाहीत. दारातून विठ्ठल म्हणाला, "कोंड्या, गप की." मी गप्प झालो. चांगली थाप होती, तिला जागा मिळाली नाही.

कागद गेला. आपल्या वकिलातीचा दाखला अमृतनंच मिळवला आणि सुट्टी घेऊन राख घेऊन तो स्वतःच आला. विठ्ठलच्या अंगणात त्यानं पाठीवरची बॅग छातीशी घेऊन उघडली. आत काळा डबा होता, भाकरीच्या टोपल्यापेक्षा लहान. झाकणावर गौरवचं नाव, त्यांच्या लिपीत. यशोधरानं कुठून उघडायचं ते वाचून ठेवलं होतं. राखेत भाजलेल्या मातीची एक चकती होती, तिच्यावर आकडे.

"ही माणसाबरोबर आत घालतात," अमृत म्हणाला. "राख कुणाची ते चुकू नये म्हणून."

विठ्ठलनं चकती अंगठ्यानं पुसली. "रेल्वेत मला पन बिल्ला व्हता," तो म्हणाला आणि चकती होती तशी परत ठेवली.

शकुवहिनींनी डब्यात बघितलं नाही. त्यांनी अमृतला विचारलं, "जेवलास का?" तो रडायला लागला. बाकी कुणी रडलं नाही.

आता सगळ्या वस्तीला वाटत होतं की ओढ्याकडं जायचं. धोंडिबा, विठ्ठलचा चुलता, त्यानं फाटकाची किल्लीसुद्धा आणून ठेवली होती. विठ्ठल डबा घेऊन उठला आणि पाण्याकडच्या रस्त्याला लागला.

"आरं, कुटं?" धोंडिबा म्हणाला.

"कागदावर हाय तितं."

"कागद त्यांच्यासाठी व्हता, इठ्ठला. आता राख आली की हातात."

"मी सही केलीया."

"आन गावानं आडवलं मंग?"

"गावानंच लिवून दिलंय," विठ्ठल म्हणाला आणि चालत राहिला.

पांढरे कपडे घातलेली माणसं त्याच्यामागं निघाली. आधी थोडी, मग सगळी. कुणी घोषणा दिली नाही. मी टपरीतली पहार खांद्यावर घेतली. पाण्याकडचा मुरूम कुदळीला दाद देत नाही, हे मला ठाऊक होतं, कारण माझं मूल मी तिथं पुरलंय. ते सांगायला नको होतं, पण पहार का घेतली ते सांगायला लागतं.

शेडजवळ कैलास उभा होता. त्याच्याबरोबर आमच्या आळीतले काही जण. कैलासच्या कानाला फोन होता, पण त्याचं बोलणं चालू नव्हतं. मागं कुणीतरी म्हणालं, "सरपंच, हे काय नवीन?" कैलासनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्याच्याच सहीच्या कागदाची प्रत यशोधराच्या हातात होती, अडवलं असतं तर तीच पुढं आली असती.

फाटक नव्हतंच तिथं, नुसती दगडांची एक ओळ. शकुवहिनी त्या ओळीशी थांबल्या. लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून इथं कधी आल्या नव्हत्या. त्यांनी मला विचारलं, "भावजी, चपला काढायच्या का हितं?"

"आमी न्हाई काढत," मी म्हणालो.

त्यांनी काढल्या. दगडांच्या अलीकडं नीट जोडून ठेवल्या आणि आत आल्या.

ओट्याच्या पलीकडं, पाणी वर चढलं तरी पोचणार नाही अशा कोपऱ्यात विठ्ठलनं जागा दाखवली. मी पहार मारली. मुरूम टणक होता. थोड्या वेळानं कैलासच्या बाजूला उभा असलेला एक जण, नाव घेत नाही, आला आणि माझ्या हातातून पहार घेतली. त्यानं राहिलेलं खणलं, पहार टेकवून ठेवली आणि परत जाऊन होता तिथं उभा राहिला.

विठ्ठलनं डबा खाली उतरवला. मेणबत्त्या लावल्या, वाऱ्यानं विझल्या, परत लावल्या, मग नाही लावल्या. धोंडिबानं त्रिसरण सुरू केलं. सगळे म्हणाले. धरणाच्या पाण्यावर आवाज गेला आणि तिकडून काही परत आलं नाही. विठ्ठलचे ओठ हलत होते, पण तो म्हणत होता की नुसतेच हलत होते, ते मला कळलं नाही. मग सगळ्यांनी मूठमूठ माती घातली.

झाल्यावर कैलास जवळ आला. हात जोडले. मग हळूच म्हणाला, "भाऊ, झालं तुमच्या मनासारखं. आता ही राख हितं किती दिस ठेवायची? न्हाई, लोक इचारतील म्हनून."

"त्यांच्या कायद्यात ईस वर्सं हालवत न्हाईत," विठ्ठल म्हणाला.

"ईस वर्सं?"

"ईस. जागा मोडायची न्हाई, शेजारी आडचन करायची न्हाई. आपल्या मान्साला शेजारी यायचं आसंल तर येऊ द्यायचं."

कैलासनं यशोधराकडं बघितलं. शिकलेली होती, कायदा तिनंच वाचला होता. "ताई, खरंय का हे?"

जर्मनीच्या त्या राज्याचा कायदा त्या राज्याच्या वेशीपाशी संपतो. तो मावळात लागू होत नाही. हे तिनं मला माझ्या दगडावर बसून, अगदी पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शेजारच्या माणसाचं जे विठ्ठल म्हणाला, ते तर तिथल्याही कायद्यात नव्हतं. तिनं हातातला कागद एकदा उलटा केला, एकदा सुलटा.

"वीस वर्षांचं खरं आहे," ती म्हणाली. "तिथं असंच आहे."

"आन शेजारचं?"

ती बापाकडं बघत होती. बाप मातीकडं बघत होता.

"मी वाचलंय सगळं, दादा," ती म्हणाली.

कैलासनं मान हलवली. माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी थाप खरी आहे का हे माझ्या तोंडाकडं बघून ताडत होतं, आणि थाप माझी नव्हती. मी पहारीची माती पुसत राहिलो. मग कैलासनं वळून आपल्या माणसांना सांगितलं, "ईस वर्सं हाय म्हणं," आणि ते सगळे निघाले.

शकुवहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मातीवर थोडं पाणी घातलं, धूळ बसेल इतकं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"चला," त्या म्हणाल्या, "पोराला परत जायचंय, त्याला जेवू घालायचंय." पोरगा म्हणजे अमृत.

विठ्ठल मात्र उठला नाही. मी त्याच्याजवळ बसलो. त्याला काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "कोंड्या, ईस वर्सांनी मी कितीचा?"

मी हिशोब केला आणि सांगितलं नाही. "त्यांच्या कायद्यात वय धरत न्हाईत," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.